बोजा आणि बाकी : अहमदनगर जिल्ह्यातील लिलावाची जमीन व खरेदीदाराचा शोध

कर्जापायी लिलावास निघालेली जमीन घेऊ इच्छिणाऱ्यास दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. त्या जमिनीवर कोणाकोणाचे बोजे आहेत, हा पहिला प्रश्न; आणि त्या प्रत्येक बोजाखाली आज खरोखर किती रक्कम येणे आहे, हा दुसरा. व्यवहारात हे दोन्ही प्रश्न एकच समजले जातात. वस्तुतः त्यांचा इतिहास भिन्न आहे. बोजा हा हळूहळू सार्वजनिक दप्तरात येत गेला. बाकी मात्र दीर्घकाळ धनकोच्या खासगी वहीतच राहिली. या दोहोंमधील अंतराची किंमत कधी खरेदीदाराने, आणि बहुधा मूळ खातेदाराने मोजली. अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हे या इतिहासाचे एक प्रमुख क्षेत्र होय. १८७५ चा सावकारांविरुद्धचा उठाव या जिल्ह्यात पसरला, १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा प्रथम ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत हा एक होता, आणि पुढे सहकारी पतपुरवठ्याचाही मोठा विस्तार येथेच झाला. या तीन टप्प्यांच्या आधारे बोजा आणि बाकी यांच्या शोधाचा विकास कसा झाला, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. परिभाषा आणि पूर्वपीठिका

या व्यवहाराची मराठी परिभाषा हीच त्याच्या इतिहासाची पहिली साधनसामग्री आहे. ‘गहाण’ हा शब्द संस्कृत ‘ग्रहण’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला. ‘तारण’ हाही देशीच परंपरेतला. परंतु गहाणाचा कागद झाला की त्याचे ‘खत’ होते, आणि हा शब्द अरबी आहे. कर्जाचा शेष ती ‘बाकी’, ती पुरती फिटली की खाते ‘बेबाक’ झाले, आणि तसे लिहून मिळाले की ती ‘फारखती’. हे तिन्ही शब्द फार्सी-अरबी दप्तरातून आलेले आहेत. ‘जप्ती’, ‘हुकूमनामा’, ‘दरखास्त’ यांची जात तीच. ‘लिलाव’ हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. कर्ज देण्याघेण्याची कल्पना जुनी व घरची, ती कागदावर मांडण्याची रीत बहामनी व निजामशाही अमदानीच्या दप्तराची, आणि मालमत्ता पुकारून विकण्याची रीत त्याहून अलीकडची व परकी, असा तिहेरी थर या शब्दांत स्पष्ट दिसतो. सावकाराच्या भाषेत ऋणकोला ‘कूळ’ म्हणत, आणि जमीन कसणाऱ्यालाही ‘कूळ’च म्हणत. गहाणात जमीन गमावलेला खातेदार त्याच जमिनीवर सावकाराचा कसणारा म्हणून राही, तेव्हा या एका शब्दाचे दोन्ही अर्थ त्याला एकाच वेळी लागू पडत.

धर्मशास्त्रात गहाणाला ‘आधि’ अशी संज्ञा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत आधीचे विवेचन असून, ज्या आधीचे उत्पन्न धनको उपभोगतो तो भोग्य आधी कधीही बुडत नाही, असा नियम सांगितला आहे. मराठीतील कब्जेगहाण ते हेच. त्याच स्मृतीत अग्रक्रमाचा नियमही स्पष्ट आहे : इतर व्यवहारांत नंतरची क्रिया बलवान मानावी, परंतु आधी, दान व खरेदी यांत पूर्वीची क्रिया अधिक बलवान मानावी. मिताक्षरेच्या द्वारे हे नियम दख्खनमध्ये प्रमाण मानले गेले. म्हणजे एकाच जमिनीवर दोन गहाणे असल्यास पहिले आधी, हे तत्त्व इंग्रजी कायद्याने येथे नव्याने आणले असे नव्हे. ‘दामदुपटी’चा नियमही असाच जुना. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, ही मर्यादा मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मान्य केली.

मराठी अमदानीत मिरासी जमिनीची खरेदी-विक्री होत असे. उपरी कुळाला तो हक्क नव्हता. मिरासपत्रावर पाटील, कुलकर्णी व बलुतेदार यांच्या साक्षी पडत आणि शेतकऱ्याची सही म्हणून नांगराची निशाणी काढली जाई. या साक्षींचे महत्त्व केवळ औपचारिक नव्हते. कोणाचे शेत कोणाकडे अडकले आहे, हे गावाला ठाऊक असे; साक्षीदार म्हणून गाव उभे राहिले की ते ज्ञान व्यवहाराला जोडले जाई. वेगळे नोंदणीदप्तर नव्हते, कारण गाव हेच दप्तर होते. या व्यवस्थेचा दोष असा की, गावाबाहेरच्या माणसास ती उपयोगी नव्हती.

२. न्यायालय, मुदत आणि खत

१८१८ मध्ये हा प्रदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. पुढे रयतवारी मोजणी झाली, आणि १८६५ च्या मुंबई सर्वेक्षण कायद्याने खातेदाराचा हक्क वारसाने मिळणारा व हस्तांतर करता येण्याजोगा ठरला. हा हक्क शेतकऱ्याच्या हिताचा म्हणून दिला गेला. परंतु जी वस्तू विकता येते ती कर्जापायी विकवताही येते. त्यामुळे जमिनीची पत वाढली आणि जमिनीचा धोकाही तितकाच वाढला.

त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्यास ३ वर्षांची मर्यादा घातली. जुन्या कर्जांचे ओझे पिढ्यान् पिढ्या राहू नये हा त्याचा उद्देश होता. परिणाम उलट झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून घाली. असे दोनतीन वेळा झाले की मूळ रक्कम कोणती व व्याज कोणते, हे खतावरून कळेनासे होई. दामदुपटीचा नियमही त्यामुळे निष्प्रभ होई, कारण प्रत्येक नव्या खतात मुद्दल नव्यानेच जन्माला येई. दख्खनच्या दंगलींच्या चौकशीत १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारल्याचे एक प्रकरण आढळले, ते याच रीतीचे फळ होय.

१८५९ च्या दिवाणी कार्यविधीनुसार हुकूमनाम्याच्या बजावणीत विकला जाई तो ऋणकोचा ‘हक्क, मालकी व हितसंबंध’ एवढाच. जमिनीवर आधीचे गहाण असले तर ते तसेच राही. याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १,००० रुपये किमतीच्या शेतावर पहिले नजरगहाण ६०० रुपयांचे व दुसरे ३०० रुपयांचे आहे. दुसऱ्या गहाणदाराने हुकूमनामा मिळवून शेत लिलावास काढले आणि एखाद्याने ४०० रुपयांना ते घेतले. त्याला वाटेल, हजाराचे शेत चारशेत मिळाले. प्रत्यक्षात त्याने घेतले आहे ते पहिले गहाण सोडवून घेण्याचा हक्क. ६०० रुपये व त्यावरचे व्याज भागविल्याखेरीज शेत निर्वेध होणार नाही. आणि ते ६०० रुपये पाच वेळा बदललेल्या खतातले असतील, तर खरी बाकी ६०० की २५०, हे पहिल्या सावकाराच्या वहीखेरीज कोठेही लिहिलेले नसे.

याच ठिकाणी या विषयाचे मर्म आहे. ज्याला बाकी ठाऊक नाही तो परका खरेदीदार एक तर लिलावास येत नाही, किंवा आला तरी धोका धरून कमी बोली करतो. बाकी ठाऊक असते ती सावकारालाच. त्यामुळे तोच खात्रीने बोली करू शकतो, आणि स्पर्धा नसल्यामुळे ती बोली कमी असते. शेताचा पैसा कमी आला की कर्ज फिटत नाही; शेत जाते व बाकीही राहते. तात्पर्य, बोजा व बाकी यांविषयीचे अज्ञान हे केवळ खरेदीदाराचे संकट नव्हते. त्याचा खरा भार ऋणकोवर पडत होता.

३. १८७५ चा उठाव

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि सावकारी पत सैल झाली. युद्ध संपताच भाव कोसळले व वसुलीचा तगादा सुरू झाला. डिसेंबर १८७४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात कर्डे येथे काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे १५० रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून घर खाली करविण्याची कारवाई केली, आणि त्यातून सावकारांवरील बहिष्कारास आरंभ झाला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगल झाली. तेथून उठाव नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व नगर या तालुक्यांतील गावांत पसरला. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली.

या उठावाचे वैशिष्ट्य असे की, त्याचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. जमाव सावकाराकडे खते व हुकूमनामे मागत. ती मिळाली की जाळत, आणि न मिळाली तरच बहुधा हिंसेकडे वळत. निरक्षर शेतकऱ्याने कागद जाळावा, यात केवळ संताप नव्हता. आपली बाकी या कागदापलीकडे कोठेही नाही, आणि या कागदातली बाकी आपल्याला कधी वाचून दाखविली गेली नाही, ही त्याची समजूत बरीचशी वास्तव होती. फक्त एका बाबतीत ती अपुरी होती. १८६५ पासून नोंदणीचा कायदा लागू झाला होता, आणि १०० रुपयांवरील स्थावराच्या दस्ताची नोंद आवश्यक ठरली होती. नोंदलेल्या गहाणखताची नक्कल सरकारी दप्तरात राहत असल्यामुळे सावकाराच्या घरचा कागद जाळून ते गहाण नाहीसे होत नव्हते.

उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने तपासलेल्या गावांवरून असा निष्कर्ष काढला की, सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात आहेत, त्यांचे कर्ज सरासरीने सरकारी साऱ्याच्या १८ पट आहे, आणि त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश कर्ज जमिनीच्या गहाणावर आहे.

४. १८७९ चा कायदा : बाकीचा उलगडा

दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा (१८७९ चा १७ वा) पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणे त्याने बंद केले, आणि विशेषेकरून गहाण न दिलेली जमीन साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात विकण्यास मनाई केली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्याच्या तीन तरतुदी अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली, न्यायालयाने खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा आणि मुद्दल व व्याज यांचे खाते वेगळे करून खरी बाकी ठरवावी. दुसरी, शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावरजिस्ट्रारसमोर लिहिला जावा. त्यामुळे १०० रुपयांखालील दस्तही एखाद्या दप्तरात येऊ लागला. तिसरी, धनकोने मिळालेल्या रकमेची पावती द्यावी, आणि मागणी झाल्यास वार्षिक हिशेबाचा उतारा व खातेपुस्तक द्यावे. पहिली तरतूद झालेल्या अन्यायाच्या निवारणाची, तर उरलेल्या दोन पुढचा अन्याय होऊ न देण्याच्या होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून १८८७ ते १८९३ या काळात या चारही जिल्ह्यांतील कामावर देखरेख केली.

कायद्यावर टीकाही पुष्कळ झाली. गहाणाचा मार्ग अडचणीचा झाल्यामुळे सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे परत केल्यास शेत परत देण्याचा करार तोंडी राही. म्हणून पुढे कलम १०-अ घालून, दस्ताचे स्वरूप काहीही असले तरी व्यवहार खरोखर गहाणाचा होता की काय हे पुराव्याने तपासण्याची मुभा देण्यात आली. सावकाराकडून शेत घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला यातून एक नवा धडा मिळाला. विक्रेत्याच्या हाती नोंदलेले खरेदीखत आहे, एवढ्याने भागत नाही. ताबा कोणाचा, किंमत वाजवी होती काय, पहिला मालक अद्यापि शेत कसतो काय, हेही पाहिले पाहिजे. शोध दप्तरात संपत नाही, तो शेताच्या बांधापर्यंत जातो, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले.

५. दोन दप्तरे

आजही खरेदीदाराचा शोध ज्या दोन दप्तरांवर आधारलेला असतो, त्यांची घडण याच काळात झाली. पहिले नोंदणीचे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावराच्या दस्तांचे पहिले पुस्तक व त्याच्या सूच्या फी भरून कोणालाही पाहता येतात. पहिली सूची पक्षकारांच्या नावांची, दुसरी मिळकतीची; व्यवहारात ‘इंडेक्स टू’ म्हणून जिचा उल्लेख होतो ती ही दुसरी सूची. या शोधाची मर्यादा अशी की, दस्त सापडतो पण फेड सापडत नाही. गहाणखत नोंदले गेले हे दिसते. त्यातले किती फिटले हे दिसत नाही. फेड पूर्ण होऊन फारखती नोंदली गेली, तरच त्या गहाणाचा शेवट दप्तराला कळतो.

दुसरे दप्तर हक्कनोंदणीचे. १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कपत्रक सुरू झाले व १९१३ मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाल्या. गाव नमुना ६ म्हणजे फेरफारांची वही. नमुना ७ व १२ मिळून ‘सातबारा’. सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजे येतात. सध्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात. तथापि नोंद म्हणजे मालकी नव्हे, हे तत्त्व न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. ‘नवीन अविभाज्य शर्त’ असा शेरा असलेली जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही, आणि १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास मनाई आहे. म्हणून सातबारा वाचताना केवळ बोजाचा आकडा नव्हे, तर शर्त व धारणाप्रकारही वाचावा लागतो.

६. लिलावाचा कायदा

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १ जानेवारी १८९३ पासून मुंबई इलाख्यास लागू झाला. खासगी विक्रीत विक्रेत्याने आधीचे बोजे प्रकट करावे व फेडावे, असे त्याचे कलम ५५ सांगते. परंतु हुकूमनाम्याच्या बजावणीतील विक्रीस हे कलम लागू नाही. लिलावात विक्रेता असा कोणी नसतोच. न्यायालय मालकीची हमी देत नाही. कलम ५७ प्रमाणे बोजाची रक्कम न्यायालयात भरून मिळकत निर्वेध करून घेण्याची सोय आहे, परंतु तीसाठी आधी रकमेचा पत्ता लागला पाहिजे.

ही उणीव जाहीरनाम्याने काही अंशी भरून काढली. १९०८ च्या दिवाणी कार्यविधीच्या आदेश २१, नियम ६६ प्रमाणे विक्रीच्या जाहीरनाम्यात मिळकतीवरील बोजांचा उल्लेख आवश्यक आहे. १८८२ च्या संहितेतही अशीच तरतूद होती. नियम ७२ प्रमाणे हुकूमनामाधारकाने न्यायालयाच्या परवानगीखेरीज बोली करू नये, आणि नियम ९१ प्रमाणे ऋणकोचा विक्रीयोग्य हक्कच नव्हता असे आढळल्यास खरेदीदारास लिलाव रद्द करून मागता येतो. आदेश ३४ प्रमाणे गहाणाच्या दाव्यात मागील गहाणदारांनाही पक्षकार करावे लागते. ज्याला पक्षकार केले नाही त्याचा सोडवणुकीचा हक्क लिलावानंतरही जिवंत राहतो, म्हणून दाव्यातील पक्षकारांची नावे व सूचीतील गहाणदारांची नावे ताडून पाहणे हा शोधाचाच भाग होय.

७. सहकारी व बँकेचा काळ

सावकाराची जागा पुढे क्रमाने पतसंस्था, भूविकास बँक व सहकारी बँक यांनी घेतली. १९३९ व १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनी आणि १९४६ च्या सावकारी कायद्याने जुनी व्यवस्था आकुंचित केली. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर जिल्ह्यात पतीचे स्वरूपच पालटले. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे सभासद केवळ घोषणा करून आपल्या जमिनीवर संस्थेचा बोजा निर्माण करतो. हा ‘इकरार’ होय. अरबीतून आलेला कबुलीवाचक हा जुना शब्द अलीकडे ‘ई-करार’ असाही लिहिला जातो, आणि त्यामुळे त्याचे मूळ झाकले जाते. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत त्या जमिनीचे हस्तांतर कायद्याने निषिद्ध आहे. सातबाऱ्यावर इकराराचा आकडा असतो. पण तो मर्यादेचा आकडा असतो, बाकीचा नव्हे. पुष्कळदा कर्ज फिटलेले असते व बोजा तसाच राहतो. कधी बोजा लहान दिसतो व व्याजासह बाकी त्याहून मोठी झालेली असते.

हक्कलेख निक्षेप करून होणारे गहाण हा शोधातील आणखी एक आंधळा कोपरा होता, कारण त्यास दस्तनोंदणी लागत नसे. २०११ मध्ये सुरू झालेली केंद्रीय तारण नोंदवही, ‘सेरसाई’, आणि महाराष्ट्रात २०१३ पासून लागू झालेली अशा गहाणाच्या सूचनापत्राची तरतूद यांनी तो बराच उजळला. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयाबाहेर तारण विकण्याचा अधिकार दिला. शेतजमीन त्यातून वगळली आहे. त्याच्या नियमांप्रमाणे विक्रीच्या नोटिशीत बँकेस ज्ञात असलेले बोजे नमूद करावे लागतात. ‘ज्ञात असलेले’ हे शब्द महत्त्वाचे होत. अज्ञात बोजांची जबाबदारी ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीखाली खरेदीदाराकडे जाते. करखात्याची येणी व बँकेचे तारण यांतील अग्रक्रमाचा वाद जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२२ मध्ये हाताळला, आणि सेरसाईतील नोंदीस त्यात निर्णायक महत्त्व दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा थकीत कर्ज व त्याचे तारण हा प्रश्न ठेवीदारांच्याही दारी येऊन ठेपला.

जुना धडाही पुन्हा कायद्यात आला आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे, अवैध सावकारीच्या ओघात लिहून घेतलेले खरेदीखत जिल्हा निबंधक चौकशीअंती अवैध ठरवू शकतो व जमीन मूळ धारकास परत देववू शकतो. त्यासाठी १५ वर्षांपर्यंत मागे पाहता येते. १८७९ च्या कायद्यातील कलम १०-अ चे हे नवे रूप म्हणता येईल.

८. उपसंहार

या विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. बोजाचे ज्ञान गावाच्या स्मृतीतून दप्तरात आले, आणि त्यामुळे परक्या खरेदीदारास ते उपलब्ध झाले. परंतु गावाला जे न लिहिता कळत होते त्यातील बराच भाग दप्तरात उतरला नाही. दुसरे, बाकीचे ज्ञान आजही धनकोच्या हाती आहे. सूची, सातबारा व तारण नोंदवही ही तिन्ही पाहिल्यानंतरही शेवटचा कागद धनकोकडूनच घ्यावा लागतो : विशिष्ट तारखेस मुद्दल, व्याज व खर्च मिळून येणे किती, याचा लेखी उतारा, आणि फेडीनंतरचा बेबाकीचा दाखला. तिसरे, हा शोध म्हणजे केवळ खरेदीदाराची सावधगिरी नव्हे. लिलावास येणाऱ्या प्रत्येकाला बाकी समजली, तर बोली खऱ्या किमतीच्या जवळ जाते. कर्ज फिटून काही उरले तर ते मूळ धारकास मिळते. पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये जे कागद जाळले, त्यांतील आकडे त्यांना कोणी हिशेब करून दाखविले नव्हते. तो हिशेब उघड करणे हे १८७९ पासूनच्या कायद्यांचे उद्दिष्ट राहिले आहे, आणि ते आजही पुरते साधलेले नाही.